मोफत कॉलेज आणि विकतची शिकवणी

दहावीचा निकाल लागून आठ-पंधरा दिवस झाले होते. विट्याच्या एस. टी. स्टँडवर गाडीची वाट पाहत बसलो असता एक शेतकरी गृहस्थ शेजारी येऊन बसले. बरोबर त्यांची मुलगी होती. दहावीला चांगले गुण पडलेले, डोळ्यांत उत्साह. गृहस्थांच्या हातात मात्र एक रंगीत कागद होता आणि तो ते पुन्हा पुन्हा उलटसुलट करून पाहत होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारले,

“गुरुजी, सरकारनं पोरींची कॉलेजची फी माफ केली म्हणत्यात. खरं हाय का?”

मी म्हटले, “खरं आहे. नियम आहेत, पण खरं आहे.”

“मग ह्या कागदावर ह्यो आकडा कशाचा?”

मी कागद पाहिला. तो कॉलेजचा नव्हता. एका खासगी क्लासचा होता. अकरावी-बारावी ही दोन वर्षे प्रवेश परीक्षेची तयारी करून घेण्याची फी त्यावर छापली होती. मी त्यांना तसे सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले,

“म्हंजी पंढरपुरासारखंच झालं की. इठोबाचं दर्शन फुकट. पर त्याच्या पायाशी जायाचं तर रातभर रांगेत उभं ऱ्हावं लागतंय. इथं रांगेत म्होरं सरकायचं पैसं घेत्यात व्हय?”

श्रोतेहो, अर्थशास्त्राच्या पुस्तकात पाच-दहा पाने खर्ची घालून जी गोष्ट सांगतात, ती या गृहस्थांनी दोन वाक्यांत सांगितली. कॉलेजची फी माफ झाली म्हणजे विद्यार्थ्यांची मागणी कशी वाढते आणि त्या मागणीचा शिकवणीशी काय संबंध येतो, याचाच आज आपल्याला विचार करायचा आहे. हा विचार सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत बसून करावा हे योग्यच आहे. मोफत उच्च शिक्षणाचा महाराष्ट्रातला एक मोठा प्रयोग याच मातीत झाला आणि विनाअनुदानित कॉलेजांचा रस्ता ज्यांनी खुला केला तेही इथलेच.

आधी सरकारचा निर्णय नेमका काय आहे ते पाहू. अर्धवट ऐकीव माहितीवर पुष्कळ घरांत घोटाळा होतो. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने ठरवले, की आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. पूर्वी ही सवलत निम्मी, म्हणजे ५० टक्के होती. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून ती १०० टक्के झाली. शासकीय, अनुदानित आणि विनाअनुदानित अशा तिन्ही प्रकारच्या कॉलेजांना हा नियम आहे. खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे मात्र त्यातून वगळली आहेत.

आणि यातली सर्वांत महत्त्वाची अट अशी, की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून मिळालेला असला पाहिजे. म्हणजे प्रवेश परीक्षा द्यायची, गुणवत्ता यादीत नाव यायचे, त्या यादीतून कॉलेज मिळायचे आणि मग फी माफ. व्यवस्थापनाच्या कोट्यातून जागा घेतली तर ही माफी नाही. म्हणजेच फीमाफीचा रस्ता रांगेतूनच जातो. स्टँडवरच्या त्या गृहस्थांनी हेच बरोबर हेरले होते.

आता थोडा हिशेब मांडू. समजा, एका कॉलेजात १०० जागा आहेत. फी भारी आहे तेव्हा त्या जागांसाठी १५० मुले अर्ज करतात. बाकीच्यांना शिकायची इच्छा आहे, पण फीचा आकडा ऐकून ती वाटेतूनच परत फिरतात. उद्या फी माफ झाली. वाटेतून फिरणारी मुलेही आता अर्ज करतात. अर्ज ३०० झाले. ही गोष्ट चांगलीच आहे. ज्यांनी आशा सोडली होती त्यांना आशा वाटू लागली. पण जागा किती? १०० च. पूर्वी तीनांतली एक जण बाहेर राहत होती, आता तिघींतल्या दोघी बाहेर राहणार. मग आत कोण जाणार हे कोण ठरवणार? पूर्वी ते काही अंशी पैसा ठरवत होता. आता परीक्षेतला एक-एक गुण ठरवणार. आणि ज्या क्षणी एक गुण इतका मोलाचा होतो, त्या क्षणी तो गुण वाढवून देतो असे सांगणाऱ्याचे दुकान चालू लागते. कॉलेजच्या खिडकीवर जो पैसा भरायचा वाचला, तो पैसा चालत चालत क्लासच्या दारात जातो.

फरक एवढाच, की कॉलेजची फी प्रवेश मिळाल्यावर भरायची असते आणि क्लासची फी प्रवेश मिळण्याआधी. कॉलेजच्या फीला शिष्यवृत्ती मिळते, बँकेचे कर्ज मिळते. क्लासच्या फीला यातले बहुधा काही मिळत नाही. ती म्हैस विकून, सोसायटीची उचल घेऊन, नाहीतर बायकोच्या अंगावरचा डाग गहाण टाकून भरावी लागते. आणि नंबर लागला नाही तर ती गेलीच.

श्रोतेहो, हे केवळ माझे तर्कशास्त्र आहे असे समजू नका. देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही एकदा हेच पाहिले आहे. त्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

१९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाली. वसंतदादा सांगलीजवळच्या पद्माळ्याचे. फार शिकायला न मिळालेला, पण शिक्षणाची किंमत जाणणारा हा माणूस. त्या वेळी आपल्याकडची मुले अभियांत्रिकीसाठी कर्नाटकात जाऊन मोठाल्या देणग्या भरत होती. ती कॉलेजे इथेच निघावीत असा त्यामागचा विचार होता. सांगलीत १९४७ पासून अभियांत्रिकी कॉलेज होते, तेच आजचे वालचंद कॉलेज. कराडला शासकीय अभियांत्रिकी कॉलेज १९६० साली निघाले होते. पण १९८३ नंतर बुधगाव, इस्लामपूर अशा ठिकाणीही अभियांत्रिकीच्या इमारती उभ्या राहिल्या. जागा वाढल्या, पण त्या विकतच्या होत्या.

पुढे देशभर या विकतच्या जागांवरून वाद झाला आणि १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात एक योजना घालून दिली. खासगी व्यावसायिक कॉलेजातल्या निम्म्या जागा ‘मोफत जागा’, म्हणजे सरकारी दराच्या फीच्या. आणि निम्म्या ‘पैसे भरून’ घ्यायच्या जागा. मोफत जागा गुणवत्ता यादीत वर असलेल्यांना. हेतू किती चांगला! हुशार गरिबाला मोफत जागा मिळेल आणि पैसेवाला पैसे भरील, असे सगळ्यांना वाटले.

झाले उलटेच. २००२ साली अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने टी. एम. ए. पै खटल्याचा निकाल दिला आणि ती योजना रद्द केली. त्या निकालात न्यायालयाने अनुभवाची एक गोष्ट नोंदवली आहे: मोफत जागा बहुतेक सुस्थितीतल्या घरांतल्या मुलांनी घेतल्या आणि कमी ऐपतीच्या मुलांना जास्त पैसे भरून जागा घ्याव्या लागल्या. कारण काय? सुस्थितीतल्या मुलांना चांगली शाळा आणि शिकवणी मिळालेली होती, म्हणून त्यांचे गुण वर होते. म्हणजे साताऱ्याच्या माणमधल्या किंवा सांगलीच्या जतमधल्या बापाने कर्ज काढून भरलेल्या पैशातून शहरातल्या डॉक्टरच्या मुलाची मोफत जागा चालली, असेही घडू शकत होते. जागा मोफत केली, पण जागेपर्यंतची वाट मोफत केली नाही, की असे होते.

परदेशांतही हेच चित्र दिसते. आपल्या शेजारच्या श्रीलंकेने १९४५ साली बालवर्गापासून विद्यापीठापर्यंतचे शिक्षण मोफत केले. कन्नंगरा नावाच्या शिक्षणमंत्र्यांचे हे काम. त्या देशाची साक्षरता वाढली, खेड्यातली मुले डॉक्टर-इंजिनिअर झाली. त्या देशाने मागास जिल्ह्यांसाठी विद्यापीठात जागा राखण्याचीही सोय केली. पण विद्यापीठातल्या जागा मागणीच्या मानाने फार थोड्या राहिल्या. परिणाम असा, की तिथे गावोगाव, शहरोशहरी ‘ट्यूशन’चे मोठमोठे वर्ग भरतात आणि बारावीच्या दर्जाची परीक्षा देणारी असंख्य मुले त्यांत जातात. ग्रीस देशाने १९६४ साली विद्यापीठाची फी रद्द केली. पुढे राज्यघटनेतही मोफत शिक्षणाचे कलम घातले. तिथेही देशव्यापी प्रवेश परीक्षा आहे आणि त्या परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या खासगी वर्गांचा व्यवसाय पिढ्यान् पिढ्या चालू आहे.

मग मोफत शिक्षणाने शिकवणी वाढतेच का? नाही. इथे घाई करून चालणार नाही. जर्मनीत काही प्रांतांनी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विद्यापीठाची फी सुरू केली होती, ती २०१४ पर्यंत सगळीकडे मागे घेतली. पण तिथे वैद्यकीसारखे काही विषय सोडले तर पुष्कळ अभ्यासक्रमांना शालान्त परीक्षा पास झाले की प्रवेश मिळतो. रांगच नाही, तर रांगेत पुढे सरकण्याची किंमत कोण देणार? आपल्या तालुक्याच्या गावातल्या कला शाखेच्या कॉलेजात बी. ए.ला बसण्यासाठी कोणी क्लास लावलेला ऐकला आहे का? आणि २०१० नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या हजारो जागा रिकाम्या राहत होत्या. अशा रिकाम्या जागांच्या कॉलेजात फी माफ झाली तर मुली येतील, वर्ग भरतील आणि शिकवणीवर काडीचाही परिणाम होणार नाही. तेव्हा शिकवणीचे मूळ फीमाफीत नाही. जागा कमी, मागणी जास्त आणि निवड एका परीक्षेवर, हे तीन धागे एकत्र आले की त्याची गाठ बसते. वैद्यकीला ही गाठ फार घट्ट आहे, नावाजलेल्या अभियांत्रिकी कॉलेजांना घट्ट आहे, इतर ठिकाणी सैल आहे.

हे लक्षात ठेवून आता आपण आपल्या कर्मवीरांकडे वळू.

भाऊराव पाटलांचा जन्म १८८७ साली कुंभोजचा. घर वाळवे तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. तरुणपणी ते साताऱ्यात आले तेव्हा काय करत होते, ठाऊक आहे? शिकवण्या! घरोघर मुलांना शिकवत आणि लोक त्यांना ‘पाटील मास्तर’ म्हणत. म्हणजे ज्या माणसाने पुढे हजारो मुलांना मोफत शिकवले, त्याने शिकवणीचा धंदा आतून पाहिला होता. शिकवणी कोणाला परवडते आणि कोणाला परवडत नाही हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह निघाले. पुढे धनिणीच्या बागेत ते नांदले. सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसत, आपले जेवण आपण करत, शेतात राबत. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी, म्हणजे भाऊरावांच्या पत्नीने, गळ्यातले मंगळसूत्र दिले, ही कथा आपल्या आया-आजींनी आपल्याला सांगितलेली आहे. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले आणि १९४७ साली साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज. मुलांनी श्रम करावेत आणि त्या श्रमांवर शिकावे, म्हणजेच ‘कमवा आणि शिका’, हे तत्त्व कॉलेजच्या दर्जाला नेऊन दाखवले. १९५४ साली कराडचे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज निघाले.

आता ‘मोफत’ या शब्दाचा भाऊरावांच्या घरी काय अर्थ होता तो पाहा. शिकण्याचा खर्च एका ठिकाणी होत नाही, चार ठिकाणी होतो. एक, कॉलेजच्या खिडकीवरची फी. दोन, राहणे, जेवण आणि पुस्तके. तीन, मुलगा शिकायला गेला म्हणून शेतातून कमी झालेला एक हात. आणि चार, कॉलेजपर्यंत पोचण्याइतकी तयारी. भाऊरावांनी चारींवर उपाय केला. फी घेतली नाही, हे पहिले. वसतिगृह दिले, हे दुसरे. कामाची सोय केली, म्हणजे मुलगा घराला ओझे होत नव्हता, हे तिसरे. आणि चौथे म्हणजे गावोगाव शाळा काढल्या, त्या शाळांना शिक्षक मिळावेत म्हणून अध्यापक विद्यालये काढली. वसतिगृहात संध्याकाळचा अभ्यास शिक्षकांच्या देखत होई. जे मोठ्या घरचे मूल शिकवणी लावून मिळवी, ते धनगराच्या, महाराच्या, रामोशाच्या पोराला वसतिगृहाच्या कंदिलाखाली मिळत होते.

याच भागातल्या दुसऱ्या सुपुत्राने पुढचे पाऊल टाकले. यशवंतराव चव्हाण देवराष्ट्रे गावचे. हे गाव जुन्या सातारा जिल्ह्यातले. १९४९ साली दक्षिण सातारा असा वेगळा जिल्हा झाला, १९६० साली त्याचे नाव सांगली झाले आणि गाव सांगलीत आले. यशवंतराव मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असताना १९५९ साली कमी उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना फीमाफी मिळाली. ‘ई. बी. सी.’ हा शब्द तेव्हापासून आपल्या खेड्यापाड्यांत मराठीच होऊन गेला. मागणी वाढली, आणि तेव्हा जागाही वाढल्या. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले. सांगलीत १९१९ पासून विलिंग्डन कॉलेज होतेच. तालुक्या-तालुक्याला कॉलेजे निघाली. शेतकऱ्याचे पोर सायकलवर डबा बांधून कॉलेजला जाऊ लागले. फी माफ आणि जागा पुरेशी, असा तो काळ होता. म्हणून त्या फीमाफीच्या मागे क्लासची पाटी लागली नाही.

आजची अडचण अशी, की आपण चारांपैकी पहिल्या खर्चाला हात घातला आहे, दुसऱ्याला थोडाफार, आणि चौथा खर्च पूर्वी नव्हता इतका वाढला आहे.

हा चौथा खर्च इतका का वाढला? पूर्वी डॉक्टरी-इंजिनिअरिंगचा प्रवेश बारावीच्या गुणांवर होई. शिकवण्या तेव्हाही होत्या, पण जे शाळेत शिकवत तेच परीक्षेत येई. आता वैद्यकीला ‘नीट’ आणि राज्यातल्या अभियांत्रिकीला प्रामुख्याने राज्याची सी. ई. टी. या परीक्षांचे गुण धरतात. बारावीचे गुण केवळ पात्रतेपुरते. सी. ई. टी.चा नमुना पाहा. भौतिक, रसायन आणि गणित मिळून १५० प्रश्न आणि वेळ १८० मिनिटांचा. एका प्रश्नाला सव्वा मिनिटसुद्धा पुरते मिळत नाही. चार उत्तरांतले एक निवडायचे. बारावीच्या पेपरात मात्र पायऱ्या लिहायच्या, आकृती काढायची, कारण द्यायचे. म्हणजे धडे तेच, पण कसरत निराळी. जसे पोहायला येणारा माणूस शर्यतीत मागे पडतो, कारण शर्यतीचा सराव वेगळा असतो.

क्लास विकतो ती मुख्यतः ही कसरत. ज्ञान पुस्तकात आहेच. क्लास देतो तो वेळ लावून केलेला सराव, मागच्या वर्षांचे प्रश्न, दर रविवारची चाचणी, चुकलेल्या प्रश्नावर बोट ठेवणारा माणूस आणि बरोबरीने अभ्यास करणारी चार मुले. यात वाईट काही नाही. शिकवणी घेणाऱ्यांना शिव्या देऊन आपले काम होणार नाही; त्यांच्यात कष्टाळू, मन लावून शिकवणारे पुष्कळ आहेत. वाईट इतकेच, की जी गोष्ट दोन तास, एक फळा आणि थोड्या छापील कागदांत होऊ शकते, ती न झाल्यामुळे एखाद्या मुलीची फीमाफी कागदावरच राहते. आणि त्याहून वाईट म्हणजे मुलीचे नाव कॉलेजच्या हजेरीपटावर आणि मुलगी दिवसभर क्लासात, ही जी पद्धत पडत चालली आहे ती. सरकार ज्या वर्गाला अनुदान देते तो वर्ग ओस, आणि ज्या वर्गाला बाप पैसे देतो तो वर्ग भरलेला! एकाच शिक्षणाचे पैसे दोनदा जातात.

आता शिक्षक बंधुभगिनींना चार शब्द सांगतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २८व्या कलमाने शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणी करण्याची मनाई आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. पण मनाई पाळली म्हणजे काम संपले असे नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी शाळेचा एक वर्ग उघडा ठेवा. नववी-दहावीपासूनच तोंडी प्रश्न, भराभर हिशेब, एका वाक्यात कारण, अशी सवय लावा. सी. ई. टी.त सुमारे पाचवा हिस्सा अकरावीच्या अभ्यासाचा असतो, तेव्हा ‘अकरावी म्हणजे विश्रांती’ हा समज मुलांच्या डोक्यातून काढा. या परीक्षेत चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. ‘नीट’मध्ये मात्र कापतात, म्हणून तिथे विचार करून उत्तर द्यायचे. एवढी साधी गोष्टही आपल्या पुष्कळ मुलींना परीक्षेच्या दिवसापर्यंत कोणी सांगत नाही.

सरकारी मदतही आहे, ती मुलांपर्यंत पोचवा. भारत सरकारच्या शिक्षण मंत्रालयाने कानपूरच्या आय. आय. टी.बरोबर २०२३ साली ‘साथी’ नावाची मोफत सोय इंटरनेटवर सुरू केली. तिथे प्रवेश परीक्षांची व्याख्याने आणि सराव मिळतो. नागपूरच्या ‘महाज्योती’ संस्थेने इतर मागास वर्ग, भटक्या-विमुक्त जाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना अशा परीक्षांचे मोफत ऑनलाइन प्रशिक्षण आणि टॅबलेट दिले आहेत. पण एक लक्षात ठेवा: मोबाईलवर व्याख्यान लावून मूल एकटे बसले, तर चार दिवसांत त्याचा हात दुसऱ्याच गोष्टीकडे वळतो. चार मुले, एक पडदा आणि मधूनमधून ‘हे कळलं का?’ असे विचारणारा एक शिक्षक, हे जुळले तरच त्या सोयीचा उपयोग.

गावकरी मंडळींनाही सांगायचे आहे. गावात देवळाचा जीर्णोद्धार होतो, कमानी उभ्या राहतात, जत्रेला वर्गणी जमते. त्यातल्या थोड्या पैशात ग्रामपंचायतीच्या एका खोलीत अभ्यासिका होते. दिवा, टेबले, मागच्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे आणि मुलींना रात्री घरी पोचवायला एखादी आजी किंवा मावशी. एवढे झाले तर रांगेतली आपली जागा थोडी पुढे सरकते. गावातला जो मुलगा किंवा जी मुलगी पुढे गेली आहे, तिने दिवाळीच्या सुट्टीत येऊन धाकट्यांचे दहा तास घेतले, तर कर्मवीरांचे ऋण थोडे फिटेल.

आईवडिलांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, कागदपत्रे. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, लागू असेल तिथे नॉन-क्रीमी लेयर आणि जातवैधता ही सर्व निकालाच्या आधीच जमवा. तहसील कचेरीत जून-जुलैत किती गर्दी असते ते मी सांगायला नको. फीमाफीचा अर्ज दरवर्षी करायचा असतो. एकदा केला म्हणजे झाले असे नाही. दुसरी गोष्ट, क्लास लावायचाच असेल तर घाईने सगळे पैसे एकदम देऊ नका. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील मुलांना घेऊ नये, खोटी आश्वासने देऊ नयेत, मूल मध्येच क्लास सोडून गेले तर उरलेल्या मुदतीची फी परत करावी, असे त्यात म्हटले आहे. पावती मागा आणि परताव्याची अट लिहून घ्या. ‘हमखास नंबर’ असे जिथे लिहिले असेल, तिथून दोन पावले मागे या.

आणि सरकारकडे आपण काय मागायचे? फीमाफी चांगली आहे, ती राहिलीच पाहिजे. पण तिच्याबरोबर ज्या विद्यांना रांग आहे त्या विद्यांच्या सरकारी जागा वाढल्या पाहिजेत. मुलींची वसतिगृहे तालुक्याला झाली पाहिजेत. आणि अकरावी-बारावीचा वर्ग असा भरला पाहिजे, की मुलीला दुसऱ्या दाराशी जावे लागू नये. या तीन गोष्टी नसतील तर फीमाफीचा मोठा वाटा ज्यांना शिकवणी परवडली त्यांच्याच घरी जाईल. १९९३ च्या योजनेने आपल्याला हे एकदा दाखवून दिले आहे. ते पुन्हा पाहण्याची गरज नाही.

विट्याच्या स्टँडवर गाडी लागली तेव्हा त्या गृहस्थांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. म्हणाले, “मग लावू का नको, गुरुजी?” मी त्यांना म्हटले, “आधी तिच्या कॉलेजात जा. तिथल्या शिक्षकांना विचारा, की तुमचा वर्ग रोज भरतो का आणि सरावाच्या परीक्षा घेता का. चार बापांनी मिळून विचारा. एकट्याने विचारलं तर उत्तर मिळेलच असं नाही, चौघांनी विचारलं तर वर्ग भरायला लागेल. तो भरला तर कागद फाडून टाका. नाहीच भरला, तर मग हिशेब करून ठरवा.” मुलगी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, “आमच्या वर्गातल्या आणखी सहा जणी हायत. त्यांच्या आप्पांनाबी सांगते.”

सातजणी झाल्या. कर्मवीरांचे वसतिगृहही थोड्याच मुलांनी सुरू झाले होते.